नगरचा दोर, पेरूचा पूल

दक्षिण अमेरिकेच्या सहली विकणारा माणूस नगरला माळीवाड्यात बसतो, असं सांगितलं की पुण्या-मुंबईकडचे लोक आधी हसतात. हसू देत. माझ्या वडिलांनी एका मेटाडोरच्या जिवावर अर्ध्या जिल्ह्याला अष्टविनायक घडवले. पहाटे गाडीत भूपाळ्यांची कॅसेट लावायचे, आणि नमाजाची वेळ झाली की गाडी कडेला घ्यायचे. प्रवासी तेवढ्यात चहा पिऊन यायचे. त्या मेटाडोरचं पुढं माझ्या हातात ट्रॅव्हल्सचं दुकान झालं. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, तोंडात अजून नगरच येतं. दुकान हल्ली भाचा चालवतो. मी दुपारी जातो, चहा पितो आणि त्याच्या चुका काढतो.

आमच्या धंद्यात दोन प्रकार. एक, बसभर माणसं गोळा करायची आणि सगळ्यांना तेच दाखवायचं. दुसरा, गिऱ्हाइकाच्या मापाची सहल बेतायची. त्याला 'कस्टमाइझ्ड' म्हणतात, मी शिंपीकाम म्हणतो. माप घेताना 'तुम्हाला काय बघायचंय' हे मी सगळ्यात शेवटी विचारतो. आधी विचारतो, सकाळी कधी उठता, गुडघे कसे आहेत, जेवणाला उशीर झाला तर घरात पहिलं कोण चिडतं. एका जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसाची सहल मी दोन वेगळ्या खोल्या घेऊन बेतली होती, कारण नवरा घोरायचा. बाईंनी परत आल्यावर पेढे आणून दिले. कोपरगावचे एक बागायतदार ब्राझीलला गेले, जगप्रसिद्ध धबधब्याकडं एक नजर टाकून मागं फिरले आणि उरलेली सगळी सहल उसाच्या शेतात काढली. मला फोटो दाखवले ते उसाच्या पेरांचे. धबधब्याचा एकही नाही. मला त्यात वावगं काही वाटलं नाही, त्यांचं माप तेच होतं.

पण जिच्याबद्दल लिहायला बसलोय, त्या सहलीचं माप माझ्या टेपात मावत नव्हतं.

संक्रांत नुकतीच झाली होती. खर्ड्याच्या बाजूच्या एका गावातून अशोक सर आले. हायस्कुलात भूगोल शिकवतात. बरोबर त्यांची आई, गयाबाई. सत्तरी ओलांडलेली बाई, नऊवारी, डोक्यावर पदर. चपला दाराबाहेर काढून आत आल्या आणि खुर्चीच्या टोकावर बसल्या. सरांची मुलगी अमेरिकेत नोकरी करते. तिनं आजीला फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता, तो सरांनी मला लावून दिला. पेरू देशातली एक खोल दरी, खाली हिरवट पाणी, आणि या कड्यापासून त्या कड्यापर्यंत लोंबणारा पूल. पूल गवताचा. खिळा नाही, तार नाही. आसपासच्या गावांतले लोक डोंगरातलं गवत कापतात, त्याचे दोर वळतात, त्या दोरांचे मांडीएवढे जाड दोर करतात, आणि दरवर्षी जुना पूल नदीत सोडून नवा बांधतात. कित्येक पिढ्या हे चाललंय. त्या देशाच्या सहली मी कधीपासून विकत होतो, आणि ह्या पुलाबद्दल मला एका ओळीपेक्षा जास्त ठाऊक नव्हतं.

दोर वळणं हे गयाबाईंच्या घरचं काम. घायपाताची पानं कुजवायची, ठेचायची, त्यातून पांढरे धागे काढायचे, त्याला वाख म्हणतात. मग तळहातांवर पीळ देत दोर वळायचा. कासरे, दावी, विहिरीचे नाडे. पोळ्याच्या आधी आठवडाभर गावातली माणसं त्यांच्या दारात येऊन उभी राहायची. एरवी त्या गल्लीत कोणी फिरकायचं नाही. मग नायलॉन आलं, ट्रॅक्टर आले, आणि गयाबाईंच्या हाताचं काम गेलं. सरांना दोर वळता येत नाही. आईनं शिकूच दिलं नाही, ते म्हणाले. लहानपणी वाखाला हात लावला की आई हातावर फटका द्यायची आणि पुस्तक पुढं सरकवायची.

मी सवयीप्रमाणे विमान, हॉटेल, हवा असं सुरू केलं. गयाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि मग पहिल्यांदा बोलल्या.

"भाऊ, मला नुसतं बगाया न्हाई जायचं. त्या पुलात माजा एक दोर लागला पायजे."

सर संकोचले. म्हणाले, मी आईला समजावलंय, ती ऐकत नाही. मी म्हटलं, मावशी, मी तिकीट देऊ शकतो, गाडी देऊ शकतो, पण दुसऱ्याच्या गावच्या पुलात तुमचा दोर घालणं माझ्या हातात नाही.

"मग इच्यारून तर बगा," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करून बसल्या. विचारल्याशिवाय उठणार नाहीत हे दिसत होतं.

कुस्को म्हणून पेरूतलं डोंगरातलं शहर आहे. तिथली रोसा ही आमची जुनी वाटाडी. माझं नगरी वळणाचं इंग्रजी तिला समजतं. मी तिला फोनवर सगळं सांगितलं. परदेशी लोक तो पूल बघायला येतात, फोटो काढतात, पण दोर द्यायचाय असं म्हणणारं कोणी तिला भेटलं नव्हतं. ती मुद्दाम त्या गावात जाऊन आली. निरोप असा होता, की पुलाला प्रत्येक घरानं आपला दोर द्यायचा ही तिथली रीत. पाहुण्यांनी वरून बघायचं. फेलिसिया नावाची एक बाई तुम्हाला घरी ठेवून घ्यायला तयार आहे, गयाबाईंनी तिच्या अंगणात बसून दोर वळावा. तो पुलात घ्यायचा की नाही, हे गावातला म्हातारा कारभारी त्या दिवशी ठरवेल. आणखी एक गोष्ट, पूल बांधत असताना बाईमाणसानं खाली दरीत उतरायचं नाही.

ही शेवटची गोष्ट मी गयाबाईंना आधीच सांगून टाकली. इतक्या लांब जाऊन हिरमोड नको. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. म्हणाल्या, आपल्याकडं बाईनं नांगर धरायचा न्हाई म्हनत्यात, पन नांगराचा दोर बाईनं वळल्याला चालतोच की.

मग माझं शिंपीकाम सुरू झालं. पूल बांधतात जूनमध्ये. आपल्याकडं तेव्हा मृगाची वाट बघत घामाच्या धारा, तिथं कडाक्याची थंडी. विषुववृत्ताच्या पलीकडं ऋतू उलटे. सरांना हे पाठ होतं, तरी बॅगेत त्यांनी सुती शर्टच भरले होते. दुसरं म्हणजे हवा. कुस्को इतकं उंचावर आहे की विमानातून उतरून जिना चढलात तरी धाप लागते, म्हणून पहिल्या रात्री तिथं झोपायचंच नाही, खालच्या खोऱ्यात उतरून जायचं, आणि मग बेताबेतानं वर यायचं. म्हाताऱ्या माणसाला हे दिवस द्यावेच लागतात. दिवस द्यायचे तर कुठून तरी काढायला हवेत, सरांची रजा मोजकीच. मी माचू पिचू, डोंगरमाथ्यावरचं ते जुनं इंका शहर, काढून टाकलं. पेरूला जाऊन माचू पिचू नाही, हे ऐकून मुंबईचा एक ओळखीचा एजंट मला म्हणाला, रफिकभाई, शिर्डीला जाऊन फक्त स्टँड बघून येणार का. सरांचाही चेहरा पडला, आयुष्यभर पुस्तकात शिकवलेली जागा. पण मापाच्या सहलीत काय घालायचं यापेक्षा काय काढायचं हे कळावं लागतं.

पासपोर्टच्या ऑफिसात गयाबाईंच्या बोटांचे ठसेच उमटेनात. मशीनवर बोट ठेवलं की पडदा कोराच. जन्मभर वाखावर घासून बोटांवरच्या रेषा निघून गेल्या होत्या. तिथल्या मुलीनं फार सबुरीनं घेतलं, बोटं ओली करून, पुसून, दाबून पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. शेवटी कसेबसे उमटले. इतकी वर्षं मी लोकांचे पासपोर्ट करून देतोय, हात मात्र त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. लाकडी पाटासारखा गुळगुळीत तळवा. पुढं पिवळ्या तापाची लस होती. तिकडून परत येताना तिचा दाखला लागतो, नाहीतर आपल्याच विमानतळावर अडकवून ठेवतात. त्या वयात ती लस द्यायची की नाही यावर डॉक्टरांनी बराच विचार केला, तपासण्या केल्या आणि मग दिली. गयाबाईंना सुईपेक्षा डॉक्टरांच्या फीचं वाईट वाटलं.

आणि सरांनी अट घातली, तुम्ही बरोबर आलात तरच आम्ही जातो. मी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, जा, आयुष्यभर लोकांना पाठवलंत, एकदा स्वतः जाऊन बघा खरंच आहे का तो देश. म्हणून मी गेलो.

तीन विमानं बदलून लिमाला उतरलो. तिथं सामानाच्या तपासणीत गयाबाईंच्या पिशवीतून वाखाची एक जुडी निघाली. आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता. झाडापाल्याची कच्ची वस्तू तिकडं आणता येत नाही, ती ठेवून घेतली. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, बरं झालं, त्यांच्या पुलाला त्यांचंच गवत पायजे.

डोंगर मी खूप बघितलेत, काश्मीरपासून केदारपर्यंत माणसं घेऊन गेलोय. पण लिमाहून कुस्कोला जाणारं छोटं विमान अँडीजच्या डोंगरांवरून जायला लागलं तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसलो, ते उतरेपर्यंत. डोंगर संपतच नाहीत. मधेच कुठंतरी पायऱ्या पाडलेली शेतं, इतक्या उंचावर की तिथं माणूस जातो कसा हेच कळेना. सर शेजारी बसून नावं सांगत होते, या रांगेचं नाव, त्या नदीचं नाव. गयाबाईंनी एकदाच विचारलं, ही शेतं कुनी केली. सर म्हणाले, माणसांनीच. त्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली बघत राहिल्या.

उंचीची सगळी काळजी मी गयाबाईंसाठी घेतली, आणि आजारी पडलो मी. डोकं फुटायची वेळ आली, ओकाऱ्या सुरू झाल्या. रोसानं कोका नावाच्या तिकडच्या झुडपाच्या पानांचा चहा पाजला, उंची बाधली की तिकडं तोच उतारा. सत्तरी ओलांडलेलं माझं गिऱ्हाईक माझं डोकं चेपत बसलं होतं. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी नाचक्की नाही.

बरं वाटल्यावर पहिल्यांदा मुक्कामाच्या अंगणात नमाजाला उभा राहिलो, तर पाय आपोआप मावळतीकडं वळले. मग लक्षात आलं, इथून मक्का उगवतीकडं आहे. जन्मभर जिकडं तोंड केलं त्याच्या बरोबर उलट. दुपारचा सूर्यही इथं उत्तरेला. मी वळलो खरा, पण मन लागेपर्यंत वेळ गेला. जग गोल आहे हे सर पोरांना शिकवतात, मला ते त्या दिवशी पायाखाली कळलं.

फेलिसियाचं घर दगडामातीचं, समोर अंगण, अंगणात गवताचे भारे. ती साठीची असेल. डोक्यावर हॅट, दोन लांब वेण्या, एकावर एक घातलेले घागरे. गवत भिजवून दगडानं ठेचून मऊ केलेलं होतं. गयाबाईंनी एक काडी उचलली, वास घेतला, दातांनी चावून बघितली आणि फेलिसियाच्या शेजारी मांडी घातली. रोसा ओळख करून देत होती, ती कोणी ऐकलीच नाही. गयाबाईंनी तळहाताला थुंकी लावली आणि वळायला सुरुवात केली.

मी तसं काही आधी बघितलेलं नाही. हात हलताना दिसत नव्हते, नुसता दोर वाढताना दिसत होता. बारीक, एकसारखा, कुठं गाठ नाही की फुगवटा नाही. शेजारपाजारच्या बायका जमल्या, दोर बोटांनी चाचपायला लागल्या. सर शूटिंग करत होते. माझी छाती उगाचच फुगली, जसा काही मीच वळतोय.

मग फेलिसियानं गयाबाईंचा दोर हातात घेतला, त्याच्या जोडीला स्वतःचा घेतला, आणि मोठ्या दोरात घालतात तसा दोन्हींना मिळून पीळ दिला. तिचा दोर घट्ट होत गेला. गयाबाईंचा मात्र सैल पडत गेला, उलगडत गेला, आणि बघता बघता त्याचं पुन्हा गवत झालं. 

फेलिसिया हळूच काहीतरी म्हणाली. रोसानं अडखळत इंग्रजीत सांगितलं, मी मराठीत. दोर फार सुंदर आहे, पण पीळ उलट्या बाजूचा आहे. पुलात घातला तर हा स्वतः सुटेल आणि शेजारच्या दोरांनाही सैल करेल. गावातल्या कुणाचा असा आला असता तरी परत दिला असता.

मला दोरातलं काही कळत नाही, ते गयाबाईंनी मला मागाहून समजावलं. बारीक दोराला एका बाजूनं पीळ, आणि ते एकत्र करताना दुसऱ्या बाजूनं. दोन पीळ एकमेकांशी भांडतात, म्हणून दोर धरून राहतो. कुठल्या बाजूनं सुरुवात करायची हे ज्या त्या मुलखात ठरलेलं. आपल्याकडं एक ठरलं, तिकडं दुसरं.

सरांना आईचं वाईट वाटलं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पुलाच्या कठड्याला वगैरे वेगळा बांधता येईल का, निदान शोभेला. रोसा म्हणाली, विचारते, बहुतेक कोणी नाही म्हणणार नाही. गयाबाईंनी ते ऐकलं.

"शोभेला न्हाई बांदायचा," त्या म्हणाल्या. "दोरावर वजन पडलं पायजे. न्हाईतर त्यो दोर कशाचा?" मग माझ्याकडं वळल्या. "हिला म्हनावं, मला शिकीव."

आणि लहानपणापासून दोर वळत आलेली बाई पहिल्या धड्यापासून शिकायला बसली. हात पुढं ढकलायची सवय, तो आता मागं ओढायचा. सांगायला एवढंच. पण हात ऐकायचा नाही. वीतभर बरोबर जायचं आणि पुढं बोटं आपली जुनी वाट धरायची. फेलिसिया तेवढा भाग उसवून गवत परत हातात द्यायची. गयाबाई स्वतःवरच हसायच्या, ऐकंनाच की ह्यो हात. मधेच एकदा मात्र त्यांनी गवत खाली ठेवलं आणि डोळे पुसले. तेव्हा फेलिसिया उठली, त्यांच्या पाठीमागं जाऊन बसली, आणि आपले दोन्ही हात त्यांच्या हातांवर ठेवून वळायला लागली. दोघींचे हात एकसारखेच होते, तसेच गुळगुळीत.

जेवायला उकडलेले बटाटे आणि दगडावर वाटलेली लाल मिरची. दगड बघून गयाबाई म्हणाल्या, ह्यो तर आपला पाटा. मिरची खाल्ली आणि म्हणाल्या, ह्यो तर आपला ठेचा, मीठ तेवढं कमी हाय. सरांना मात्र ठसका लागला. पुलाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत गयाबाईंकडं एक वेटोळं तयार झालं. फार मोठं नव्हतं. फेलिसियानं ते आपल्या घरच्या वेटोळ्यांत ठेवलं, लपवलं मात्र नाही, सगळ्यात वर ठेवलं.

सकाळी दरीच्या काठावर सगळी गावं जमली. शेजारीच एक लोखंडी पूल आहे, मोटारी त्यावरून जातात. सरांनी रोसाला विचारलं, मग हा कशाला बांधायचा. तिनं तोच प्रश्न फेलिसियाला विचारला. फेलिसिया म्हणाली, हा बांधला नाही तर आमची गावं एकत्र कधी येणार. 

कारभारी खरंच म्हातारा होता, उन्हानं काळवंडलेला, तोंडात कोकाची पानं. एकेका घराचे दोर घ्यायचा, ताणून बघायचा, पायाखाली धरून ओढायचा. एकाचा दोर त्यानं सरळ परत दिला, आणि तो माणूस मुकाट्यानं बाजूला बसून नवा वळायला लागला. फेलिसियाच्या घराची पाळी आली. वरचं वेटोळं त्यानं उचललं आणि थांबला. कुणाचा, म्हणून विचारलं. फेलिसियानं हात करून दाखवलं. त्यानं वर बघितलं. तिथं बायकांच्या घोळक्यात नऊवारीवर स्वेटर घातलेली, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई उभी होती, आणि तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. म्हाताऱ्यानं दोरावर पाय दिला, ओढला. पुन्हा दुसऱ्या ठिकाणी पाय दिला, पुन्हा ओढला. मग पीळ बोटांनी उलगडायला बघितला, तो उलगडेना. त्यानं वेटोळं ढिगावर टाकलं आणि पुढचं उचललं.

मी गयाबाईंना म्हटलं, मावशी, घेतला. त्यांनी मनगट सोडलं.

पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. म्हातारा काहीतरी ओरडून सांगत होता. रोसा म्हणाली, ज्या घरानं दोर दिला त्या घरचा पुरुष ओढायला यायला हवा. सरांनी माझ्याकडं बघितलं. रोसाला खाली जायची परवानगी नाही, मी उंचीनं आधीच अर्धा झालेलो. भूगोलाचे शिक्षक, पायात पांढरे बूट, एकटेच उतरणीच्या वाटेनं खाली गेले. भाषा एकाचीही येत नाही. चाळीसेक माणसांच्या रांगेत त्यांना कोणीतरी खांद्याला धरून उभं केलं.

दोरांचे दोर झाले, त्यांचे आणखी मोठे झाले. जुना पूल दोन्हीकडून तोडला, आणि तो वर्षाचा करडा पूल वळवळत खाली गेला आणि पाण्यावरून वाहत निघाला. मग नव्याचे जाडजूड दोर या कड्यावरून त्या कड्यावर ओढायचं काम. एक जण हाक द्यायचा आणि सगळी रांग मागं झुकायची. वरून मला सरांचे फक्त पांढरे बूट ओळखू येत होते. ते सरकत होते, घसरत होते, पुन्हा टेकत होते. ज्या मुलाच्या हाताला आईनं वाख लागू दिला नाही, तो पन्नाशीच्या घरात जगाच्या दुसऱ्या टोकाला आईचाच दोर ओढत होता. मला पुढचं नीट दिसेनासं झालं, आणि ते उंचीमुळं नव्हतं.

"हात सोलतील त्याचं," गयाबाई म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "सोलू दे."

पूल पुरा झाल्यावर शेवटच्या दिवशी तो सगळ्यांना मोकळा करतात. मग बाईमाणसालाही मनाई नाही. सर पुढं, मागं गयाबाई, त्यांच्या मागं फेलिसिया. मी काठावर उभं राहून दुआ पढत होतो. पूल हलत होता, खाली नदीचा आवाज. गयाबाई चालत नव्हत्याच, बघत होत्या. दोन पावलं टाकायच्या, वाकायच्या, दोरांवरून बोटं फिरवायच्या, पुढं जायच्या. असं करत पलीकडं गेल्या आणि परत आल्या. मला वाटलं, काहीतरी पडलं असावं.

मी विचारलं, मावशी, काय शोधत होता?

"माजा दोर," त्या म्हणाल्या. "कुठला त्ये वळखूच येईना." आणि हसल्या, तोंडभर. "वळखू आला न्हाई म्हंजी नीट बसला बगा."

मी जन्मभर गिऱ्हाइकांची मापं घेतली. पण इतक्या दूर येऊन आपली खूण कुठं दिसत नाही याचा आनंद होणारं माणूस मला ना त्याच्याआधी भेटलं, ना नंतर. विमानात त्या शांत झोपल्या होत्या, आणि मी नगरपर्यंत त्याच विचारात.

पुढच्या जूनमध्ये रोसानं व्हिडिओ पाठवला. जुना पूल तोडून नदीत सोडतानाचा. त्यात गयाबाईंचा दोर होता. दाखवावा की नाही, मला ठरवता येईना. शेवटी भाच्याला गाडी काढायला लावली आणि खर्ड्याकडं गेलो. अंगणात सर बसलेले, पुढ्यात कसलंसं वाळकं गवत, आणि आई शेजारी बसून शिकवत होती. पण शिकवत होती ती तिकडची तऱ्हा, हात मागं ओढायची. मी म्हटलं, मावशी, आपला पीळ का नाही शिकवत? त्या म्हणाल्या, त्याचा हात कोराच हाय की, आन तिकडं दोर द्यायचा तर ह्योच पीळ लागनार. नात म्हणे पुन्हा न्यायचं म्हणतेय. आमच्या जिल्ह्यात आता एक माणूस आहे ज्याला दोर वळता येतो, पण फक्त पेरूचा.

मी फोन पुढं केला. पूल सुटला, दरीत गेला, पाण्यावर पडला. गयाबाईंनी पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा बघितला. मला वाटलं आता डोळ्याला पदर लावतील.

"वरीसभर मानसं गेली आली ना त्याच्यावरनं?" त्यांनी विचारलं.

गेली, मी म्हटलं. मेंढरंही गेली असतील.

"आन नवा बांदला?"

मी पुढचा भाग दाखवला. नवा पूल, हिरवट, अजून ओलसर, आणि काठावर हॅट घातलेली फेलिसिया हात हलवत होती. गयाबाईंनी तिच्याकडं बघून हात हलवला, फोनलाच. मग सरांकडं वळल्या. ते दोर अर्धा टाकून आमच्याबरोबर बघत बसले होते.

"बगत काय बसलास," त्या म्हणाल्या. "वळ."